जठराचा द्वारपाल

जठर जेथें संपतें आणि लहान आंतडें जेथें सुरू होतें, त्या सांध्यावर स्नायूंचें एक घट्ट कडें असतें. ग्रीक वैद्यांनीं त्याला जें नांव दिलें त्याचा अर्थ द्वारपाल असा आहे. आणि पाश्चात्य शारीरशास्त्रांत 'पायलोरस' हें तेंच नांव आजतागायत चालत आलें आहे. आपल्याकडे चरकसंहितेंत 'ग्रहणी' म्हणून जो अवयव सांगितला आहे तो याच जागेच्या आसपासचा. अन्नाला धरून ठेवते म्हणून ती ग्रहणी, अशी त्या नांवाची उपपत्तीहि तेथेंच दिलेली आहे. न पचलेलें अन्न तिनें अडवावें, पचलेलें तेवढें पुढें सोडावें; ती दुबळी झाली म्हणजे अन्न कच्चेंच वाहूं लागतें, आणि मग जें दुखणें जडतें त्याला आपल्या घरांतील वडील माणसें अजूनहि संग्रहणी म्हणतात. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन देशांतील वैद्यांच्या ध्यानांत एकच गोष्ट आली हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. अन्न पोटांत जाणें म्हणजे पचन नव्हे. तें तेथें योग्य वेळपर्यंत थांबलें पाहिजे, आणि थोडथोडें पुढें गेलें पाहिजे.

लठ्ठपणा कमी करण्यासाठीं पोटावर करावयाच्या शस्त्रक्रिया आतां आपल्या शहरांतहि नवलाच्या राहिल्या नाहींत. ओळखीपाळखींत एखादा तरी गृहस्थ किंवा एखादी तरी बाई अशी निघते, कीं जिचें वजन वर्षभरांत तीस-चाळीस किलोंनीं उतरलें. वजन उतरल्याची वार्ता सर्वतोमुखीं होते. परंतु जेवणानंतर अर्ध्या घटकेंत त्या बाईला दरदरून घाम कां फुटतो, ती पंक्तींतून उठून पलंगावर आडवी कां होते, दोन घांस घेऊन ताट बाजूला कां सारते, याविषयीं घरांत नुसती कुजबूज चालते. कोणी त्याला नखरे म्हणतात, कोणी शस्त्रवैद्याच्या हातून कांहीं चुकलें असें म्हणतात. वस्तुतः या तक्रारींना शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास असून तो लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेपेक्षां जुना आहे. एरवीं हा इतिहास शस्त्रवैद्याच्या बाजूनें, त्याच्या टेबलाजवळ उभें राहून सांगण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखांत तो पानावर बसलेल्या माणसाच्या बाजूनें पाहावयाचा आहे.

चरकाचा उल्लेख निघालाच आहे, तर त्याची आणखी एक गोष्ट सांगून पुढें जाऊं. सूत्रस्थानांत आठ प्रकारच्या निंद्य शरीरांचा एक अध्याय असून त्यांत अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार विस्तारानें केला आहे. मेदानें वाटा अडल्यामुळें वायु कोठ्यांतच फिरत राहतो व अग्नीला भडकवतो. म्हणून स्थूल माणसाचें अन्न झटपट जिरतें आणि त्याला पुन्हां खाखा सुटते, असें तेथें म्हटलें आहे. ही उपपत्ति आज कोणी मानो वा न मानो, तिजवरून निघालेला उपाय मार्मिक आहे: अशा माणसाला पचावयास जड परंतु पोषणाला हलकें असें अन्न द्यावें. म्हणजे दार अधिक वेळ लागलेलें राहावें, आणि तरीहि अंगीं फारसें कांहीं लागूं नये. (यावरून आपल्या पूर्वजांना सर्वच अवगत होतें असा निष्कर्ष काढण्याची जी खोड आपल्याकडे आहे, ती येथें नको.) विसाव्या शतकांतील शस्त्रवैद्यांनीं धरलेली वाट मात्र नेमकी याच्या उलट होती. त्यांनीं द्वारपालाला बाजूला सारलें.

त्याला बाजूला सारण्याचा प्रारंभ लठ्ठपणासाठीं झालेला नाहीं. १८८१ सालच्या जानेवारीच्या २९ तारखेस व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोथ या विख्यात शस्त्रवैद्यानें एका त्रेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा कर्करोगानें ग्रासलेला खालचा भाग द्वारपालासकट कापून काढला, आणि उरलेलें जठर आंतड्याला शिवून दिलें. त्यापूर्वीं १८७९ त पॅरिसमध्यें पेआं यानें व १८८० त पोलिश शस्त्रवैद्य रिडिगिअर यानें हाच प्रयत्न केला होता, परंतु दोघांचेहि रोगी दगावले होते. बिलरोथची रोगी शस्त्रक्रियेंतून वांचली. सुमारें चार महिन्यांनीं ती वारली ती मूळ रोग पसरल्यामुळें. जठराचा तुकडा काढूनहि माणूस खाऊंपिऊं शकतो, हें यामुळें सिद्ध झालें. त्याच वर्षीं बिलरोथचा साहाय्यक वोल्फ्लर यानें दुसरी एक युक्ति काढली: जठर न कापतां त्याला भलत्याच जागीं भोंक पाडून तें आंतड्याला जोडावयाचें, म्हणजे अन्न मुख्य दारानें न जातां या खिडकींतून उतरेल. पुढील साठ-सत्तर वर्षें या दोन्ही युक्ति जठरांतील व्रणांवर, म्हणजे अल्सरवर, सर्रास वापरल्या गेल्या. अल्सरला त्या काळीं खात्रीचें औषध नव्हतें.

व्रण बरे झाले, पण जेवण सुखाचें राहिलें नाहीं. जेवणानंतर थोड्याच वेळांत छाती धडधडावी, तोंड पांढरें पडावें, अंगाला घाम सुटावा, पोटांत कळ येऊन शौचास धांवावें लागावें, आणि आडवें झाल्याविना बरें वाटूं नये, अशा तक्रारी घेऊन रोगी परत येऊं लागले. लंडनमधील डॉक्टर आर्थर हर्ट्झ यांनीं १९१३ सालीं या तक्रारींचा संबंध जठर फार लवकर रिकामें होण्याशीं जोडला. १९२२ सालीं शिकागोचे डॉक्टर मिक्स यांनीं क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून या प्रकाराला 'डंपिंग' हें नांव दिलें. गाडी उलटी करून तींतला सारा माल एकदम रस्त्यावर ओततात, त्याला इंग्रजींत हा शब्द आहे. शब्द ओबडधोबड खरा, पण त्याहून नेमका शब्द अद्याप कोणाला सुचलेला नाहीं.

असें कां होतें, हें समजण्यास आपल्या स्वयंपाकघरांतील एक दाखला पुरेसा आहे. कैरीच्या फोडींना मीठ किंवा साखर लावून ठेविली कीं त्यांना पाणी सुटतें. साखरेनें दाट झालेलें अन्न द्वारपालाच्या धाकांतून सुटून आंतड्यांत एकदम पडलें, म्हणजे त्याच नियमानें रक्तांतील पाणी आंतड्यांत ओढलें जातें. आंतडें तट्ट फुगतें, त्याच वेळीं आंतड्यांतील कित्येक स्राव रक्तांत सुटतात, रक्ताचा दाब उतरतो, नाडी धांवूं लागते. जेवणानंतर दहा मिनिटांपासून अर्ध्या तासांत होतें तें हें. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनीं येतो. साखर झपाट्यानें रक्तांत शिरल्यामुळें इन्शुलिन गरजेपेक्षां अधिक सुटतें, आणि मग रक्तांतील साखर एकदम खालीं जाते. हात कांपतात, डोळ्यांपुढें अंधारी येते, भुकेनें जीव कासावीस होतो. या दुसऱ्या प्रकारांत घरची माणसें प्रेमापोटीं साखरेचें पाणी देतात. त्यानें तेवढ्यापुरता तोल सांवरतो, आणि साखर बेशुद्धीच्या जवळ उतरली असेल तर तें दिलेंच पाहिजे. परंतु एरवीं रोज तेंच करीत राहिल्यास पुढचा झटका तें स्वतःच ओढवून आणतें.

तेव्हांच्या रोग्यांनीं व वैद्यांनीं मिळून यावर जे उपाय बसविले ते शस्त्राचे नव्हते, ताटाचे होते. थोडें थोडें परंतु अनेक वेळां खावें. गोड व पातळ पदार्थ टाळावे. पाणी जेवणाबरोबर न घेतां मागाहून घ्यावें. जेवणानंतर घटकाभर पडून राहावें. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे नियम रूढ झाले होते. द्वारपालाचें जें काम शस्त्रवैद्यानें काढून घेतलें, तें रोग्यानें स्वतः, डोळ्यांनीं व मनानें, रोज चार-सहा वेळां करावयाचें, असा त्यांचा अर्थ.

आतांपर्यंतची गोष्ट अल्सरची झाली. लठ्ठपणाकडे ती वळली ती या शस्त्रक्रियांच्या आणखी एका उपद्रवामुळें, पण तेथवर जाण्यापूर्वीं मध्येंच एक मोठें आडवळण लागतें. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेंत सुबत्ता वाढली, आणि अतिस्थूल माणसांचें काय करावें हा प्रश्न शस्त्रवैद्यांपुढें आला. त्यांची दृष्टि प्रथम जठराकडे न जातां आंतड्याकडे गेली. १९५२ सालीं स्वीडनमधील हेन्रिक्सन यानें स्थूल रोग्यांचें लहान आंतडें कांहीं अंशीं कापून काढलें. १९५४ सालीं मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनीं कुत्र्यांवरील प्रयोगांनीं आंतड्याच्या कोणत्या भागांत स्निग्धांश शोषला जातो तें दाखवून, मधला लांब पल्ला वगळून वरचें व खालचें टोंक जोडण्याची कल्पना मांडली. लॉस एंजेलिस येथें पेन व त्याचे सहकारी यांनीं १९५६ पासून पुढें दहाएक रोग्यांवर याहून धाडसी प्रयोग केला: लहान आंतड्याचा वरचा थोडा भाग त्यांनीं थेट मोठ्या आंतड्याला जोडला. वजनें उतरलीं खरीं. पण जुलाब इतके भयंकर, आणि त्यांतून क्षार इतके वाहून जात, कीं ती जोडणी सोडवून पूर्ववत् करावी लागली, आणि सोडवतांच वजन परत आलें. मग १९६९ च्या सुमारास पेन व डीविंड यांनीं सौम्य समजलेली आवृत्ति प्रसिद्ध केली. तींत वरचें चौदा इंच व खालचें चार इंच, मिळून अठरा इंच आंतडें अन्नाच्या वाटेवर राहात असे. मनुष्याचें लहान आंतडें सुमारें वीस फूट लांब असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या सौम्यपणाची कल्पना येईल.

ही शस्त्रक्रिया अमेरिकेंत हजारों लोकांवर झाली. त्यांतून उद्भवलेल्या तक्रारींची यादी करावयाची तर पान पुरणार नाहीं. एकच घेऊं, कारण तींत रसायनशास्त्र व स्वयंपाक यांची सुंदर गांठ पडते. न पचलेला स्निग्धांश आंतड्यांत राहिला कीं तो अन्नांतील चुन्याला, म्हणजे कॅल्शियमला, धरून बसतो. एरवीं हें कॅल्शियम पालक, चुका, अळू यांसारख्या भाज्यांतील ऑक्झॅलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेतें. तें दुसरीकडे गुंतल्यामुळें ऑक्झॅलेट मोकळें सुटतें, रक्तांत शिरतें आणि मूत्रपिंडांत खडे बनवितें. म्हणजे पोटाच्या दुरुस्तीची किंमत मूत्रपिंडानें भरावयाची. शिवाय कित्येकांचें यकृत निकामी झालें, कित्येकांचे सांधे धरले. आणि दिवसांतून अनेक वेळां होणारे जुलाब व दुर्गंधी वायु यांनीं चार माणसांत उठणें-बसणें अशक्य करून टाकलें. १९८० नंतर ही शस्त्रक्रिया बहुतेक सर्वत्र टाकून देण्यांत आली. त्या काळचे कांहीं लेख वाचतां असें दिसतें, कीं जुलाब हा उपद्रव नसून जणूं इलाजाचाच भाग आहे असें वैद्यांनीं मनाशीं धरलें होतें. आणि रोगी कडक पथ्य न पाळतां मनसोक्त खातो व तरीहि बारीक होतो, या चमत्काराची त्यांना भूल पडली होती. प्रस्तुत लेखकाच्या मतें या सबंध इतिहासांतील सर्वांत मोठी चूक हीच. शरीरानें अन्न नाकारावें आणि माणसानें तें खातच राहावें, अशी रचना फार काळ टिकणें शक्य नव्हतें.

मूळ वाटेवर गाडी आणली ती आयोवा विद्यापीठांतील डॉक्टर एडवर्ड मेसन यांनीं. व्रणासाठीं ज्यांचें अर्धेंअधिक जठर काढलें होतें अशा स्त्रिया पुढें कृश राहतात, त्यांचें वजन वाढवणें कठीण जातें, ही शस्त्रवैद्यांची जुनीच तक्रार होती. वर म्हटलेला आणखी एक उपद्रव तो हा. मेसन यांनीं त्या तक्रारीकडे उलट बाजूनें पाहिलें. जो एका रोग्याचा दोष तो दुसऱ्याचा इलाज कां होऊं नये? १९६६ सालीं त्यांनीं व इटो यांनीं जठराच्या वरच्या टोंकाला एक लहानशी पिशवी वेगळी करून ती आंतड्याला जोडली. बाकीचें जठर जागच्या जागीं, परंतु अन्नाच्या वाटेपासून दूर राहिलें. याच शस्त्रक्रियेला आज गॅस्ट्रिक बायपास म्हणतात. पिशवी पुढें पुढें आणखी लहान होत गेली. आज ती तीस मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी ठेवतात. मेसन यांच्या जोडणींत पित्त वर चढून कडू उलट्या होत. १९७७ सालीं केंटकी येथील ग्रिफेन यांनीं त्यावर उपाय म्हणून लोझानच्या सेझार रू या स्विस शस्त्रवैद्याची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची इंग्रजी वाय अक्षरासारखी जोडणी उचलली, आणि पित्ताची वाट अन्नाच्या वाटेला बरीच खालीं जाऊन मिळूं लागली.

कृशतेबरोबर डंपिंगहि या नव्या रोग्यांकडे आलें, हें सांगावयास नकोच. कौतुक याचें वाटतें कीं येथें त्याचें स्वागत झालें. गोड खाल्लें कीं शिक्षा होते, म्हणून रोगी गोड सोडतो. तेव्हां हा उपद्रव नव्हे, पहारेकरीच आहे, असें पुष्कळ वर्षें मानण्यांत आलें. पुढील निरीक्षणांनीं या समजुतीला फारसा आधार दिला नाहीं. डंपिंग सर्वांना होत नाहीं, कित्येकांत तें काळानें ओसरतें, आणि ज्याला तें अधिक होतें त्याचेंच वजन अधिक उतरतें असेंहि दिसत नाहीं. २००५ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधून प्रसिद्ध झालेल्या एका लेखानें तर बायपासनंतर कांहीं रोग्यांची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते याकडे लक्ष वेधलें. तेव्हांपासून जेवणानंतरची भोंवळ हा पथ्यभंगाचा पुरावा न मानतां, तपासावयाचा रोग मानूं लागले आहेत. आहार बदलून भागलें नाहीं तर पिष्टान्नाचें पचन लांबविणारें अकार्बोज व त्याहून हट्टी प्रसंगीं ऑक्ट्रिओटाइड हीं औषधें आज हाताशीं आहेत.

गंमत अशी, कीं याच सुमारास अल्सरवरील शस्त्रक्रिया नामशेष होत चालल्या होत्या. १९७६ पासून आम्ल कमी करणारीं नवीं औषधें आलीं. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील मार्शल व वॉरन यांनीं व्रणाला एक जंतु कारण आहे असें शोधून काढलें, आणि त्या जंतूच्या नांवांतहि, हेलिकोबॅक्टर पायलोरी, आपला द्वारपाल येऊन बसला. अल्सरचे रोगी शस्त्रापासून सुटले. त्यांच्या जुन्या तक्रारी लठ्ठपणाच्या रोग्यांनीं वारशानें घेतल्या.

द्वारपालाला जागेवर ठेवून वजन उतरवतां येईल काय, हा विचार मागाहून आला. १९८८ सालीं ओहायोचे डॉक्टर हेस यांनीं जठर लांबट कापून, द्वारपाल शाबूत ठेवून, आंतड्याचा पल्ला वगळण्याची रीति काढली. त्यांतलें जठर कापण्याचें अर्धेंच काम प्रथम करून रोगी हलका होऊं द्यावा व दुसरें मागाहून करावें, असें २००० च्या सुमारास न्यूयॉर्क येथें मिशेल गान्ये यांनीं दुर्बिणीच्या साहाय्यानें आरंभिलें. तेव्हां कांहीं रोग्यांना दुसऱ्या भागाची गरजच उरली नाहीं. सदऱ्याच्या बाहीसारखी नळी उरते म्हणून या शस्त्रक्रियेस स्लीव्ह म्हणतात, आणि जगांत आज हीच सर्वांत अधिक होते. द्वारपाल असल्यामुळें डंपिंगचा त्रास येथें सामान्यतः कमी. परंतु खालचें दार बंद आणि नळी अरुंद, तेव्हां आंतला दाब वर चढतो, आणि घशाशीं येणें, छातींत जळजळणें हा या रोग्यांचा नेहमींचा गाऱ्हाण्याचा विषय होऊन बसला आहे. ज्यांना ही जळजळ मूळचीच अधिक आहे त्यांना म्हणून बायपास सुचविण्याकडे कल असतो.

उलटी हा मात्र केवळ गाऱ्हाण्याचा विषय नव्हे, आणि येथें जरा थांबणें अवश्य आहे. बिलरोथनें द्वारपाल कापला त्याच १८८१ सालीं जर्मनींत कार्ल व्हर्निके यानें मेंदूच्या एका विकाराचे तीन रोगी वर्णन केले. दोघे दारूबाज पुरुष होते. तिसरी एक तरुण शिवणकाम करणारी मुलगी. तिनें गंधकाम्ल प्यालें होतें, त्यानें जठराचें खालचें तोंड आकसून गेलें, आणि उलट्या थांबेनात. कांहीं आठवड्यांनीं तिचे डोळे तिरळे झाले, तोल गेला, शुद्ध हरपली व ती मेली. कारण काय तें व्हर्निकेला कळणें शक्य नव्हतें. तें कारण सांपडलें जावा बेटांत, सडीक तांदुळावर वाढविलेल्या कोंबड्यांच्या लुळेपणांतून. आइकमन यानें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या दशकांत त्याचा माग काढला, आणि १९२६ सालीं यान्सेन व डोनाथ यांनीं तेथेंच कोंड्यांतून थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, वेगळें केलें. शरीरांत त्याचा साठा अवघा दोन-तीन आठवड्यांचा असतो. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना सतत उलट्या होतात, त्यांच्यांत व्हर्निकेची तीच रोगी पुन्हां पुन्हां दिसूं लागली. अंगावर अजून भरपूर मेद आहे आणि मेंदू मात्र उपाशी मरतो आहे, हें दृश्य पाहूनहि पटत नाहीं. म्हणून 'शस्त्रक्रिया झाली आहे, थोड्या उलट्या व्हायच्याच' असें म्हणून घरांत दिवस काढणें धोक्याचें आहे. आणि अशा रोग्याला शिरेवाटे ग्लुकोज देण्यापूर्वीं थायमिन द्यावें लागतें, कारण आलेली साखर जाळण्यांत उरलासुरला साठाहि संपतो.

दुसरी उणीव इतकी सावकाश येते कीं तिचा संबंध पोटाशीं आहे हेंच विसरलें जातें. बोस्टन येथील विल्यम कॅसल यांनीं १९२९ च्या सुमारास निरोगी माणसाच्या जठरांत कांहीं वेळ राहिलेलें मांस परत काढून घातक पांडुरोगाच्या रोग्यांस दिलें, तेव्हां त्यांचें रक्त सुधारलें. नुसत्या मांसानें सुधारत नसे. जठरांतून एक साहाय्यक द्रव्य स्रवतें व त्यावांचून अन्नांतील एक तत्त्व रक्तांत जात नाहीं, हें त्यावरून ठरलें. तें तत्त्व, ब-१२, १९४८ सालीं हातीं आलें. जठर अन्नाच्या वाटेवरून दूर सारलें कीं ही सांखळी तुटते. याच काळांत मुंबईंत लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीण बाईंनीं गिरण्यांतील गरोदर मजूरस्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करून, तो यीस्टच्या अर्कानें बरा होतो असें १९३१ मध्यें दाखविलें. त्यांतील गुणकारी द्रव्य फोलेट. तेंहि आज या रोग्यांच्या गोळ्यांत असतें. पुण्याचा संबंध याहून निकटचा आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे परदेशी सहकारी यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, वरकरणीं निरोगी अशा आपल्या लोकांतहि ब-१२ ची उणीव सर्रास असल्याचें आढळलें. तेव्हां जन्माचा शाकाहारी माणूस बायपास करून घेतो, त्याची तिजोरी आधींच अर्धी रिकामी असते. मुंग्या येणें, जीभ सोलवटणें, विसरभोळेपणा यांकडे वयाचें कारण सांगून दुर्लक्ष करूं नये. गोळी वा टोंचणी जन्मभर लागते. याच याज्ञिकांनीं २००४ मध्यें इंग्रज संशोधक युडकिन यांच्याबरोबर दाखविलें, कीं उंचीच्या मानानें वजन दोघांचें सारखेंच असतांहि भारतीय माणसाच्या अंगांत चरबी कितीतरी अधिक असूं शकते. १९९१ सालीं अमेरिकन तज्ज्ञांनीं शस्त्रक्रियेसाठीं ठरविलेली वजनाची मर्यादा २०२२ सालीं खालीं आणतांना आशियाई लोकांसाठीं ती आणखी खालीं ठेवण्यांत आली, तिच्या मागें अशाच प्रकारचा पुरावा आहे. अर्थात् आपल्या घरांतून असे रोगी यापुढें अधिकच दिसणार.

आणि आपलें घर या रोग्याला सोपें नाहीं. आपल्या पंक्तीचा सारा थाट आग्रहावर उभा आहे. जिलबीचें ताट घेऊन यजमान समोर उभे राहिले, कीं 'पुरे' हा शब्द विनयाचा समजला जातो, खरा समजला जात नाहीं. जेवणाचा क्रमहि उलटा. आहारतज्ज्ञ सांगतात, आधीं उसळ, घट्ट दहीं, पनीर, अंडें किंवा मासळी, मग भाजी, भात-पोळी राहिल्यास शेवटीं, कारण दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनें त्या दोन चमच्यांच्या पिशवींतून न्यावयाचीं असतात. आमचें पान तर वरणभातानें सुरू होतें. मऊ पोळी व चिकट भात यांचा गोळा पिशवीच्या तोंडाशीं अडकून बसतो, हा पुष्कळांचा अनुभव. खीर, बासुंदी, आमरस हे पातळ व गोड, म्हणजे डंपिंगचे आद्य मित्र. दूधहि कित्येकांना आतां पूर्वीसारखें सोसत नाहीं. ताक व दहीं सोसतें. उपासाच्या दिवशीं साबुदाण्याच्या खिचडीनें दोन्ही अपराध एकदम होतात. पाणी आपोशनापुरतें, बाकीचें जेवणानंतर अर्ध्या तासानें घोट घोट. मात्र दिवसभराचें दीड लिटर तरी चुकतां कामा नये, नाहीं तर बद्धकोष्ठ ठेवलेलें. जी सून किंवा सासू असें अर्धें ताट टाकून उठते, तिला 'अन्नाचा अपमान' ऐकावा लागतो. तिला सुरुवातीलाच वाटीभर वाढलें, तर टाकण्याचा प्रश्न येत नाहीं.

तीन गोष्टी मात्र पथ्याच्या कक्षेबाहेरच्या आहेत. वजन वेगानें उतरतांना पित्ताशयांत खडे होतात. १९९५ सालीं शुगरमन व सहकारी यांनीं प्रसिद्ध केलेल्या चांचणींत, सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत खड्यांचें प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलें, म्हणून तें औषध अनेक ठिकाणीं देतात. तंबाखू ओढणें व अंगदुखीच्या नेहमींच्या वेदनाशामक गोळ्या यांनीं बायपासच्या सांध्यावर व्रण होतो. आणि वर्षा-दोन वर्षांनीं, सर्व सुरळीत चाललें असतां, पोटांत मुरडून कळ येऊन थांबते व पुन्हां येते, तेव्हां ती गॅस समजून ओव्याचें पाणी देत बसूं नये. मेद झडल्यानें पोटांतील पडद्यांत फट पडून आंतडें तींत अडकलेलें असूं शकतें. साध्या क्ष-किरणांत तें दिसेलच असें नाहीं, आणि वेळ गेल्यास आंतडें मरतें. अशा रोग्यानें शस्त्रक्रियेचा कागद जवळ ठेवावा, व कोणत्याहि नव्या डॉक्टरास पहिल्याच वाक्यांत ती गोष्ट सांगावी.

डॉक्टर मेसन यांनीं १९८६ सालीं आयोवा येथें अशा रोग्यांची नोंदवही सुरू केली, ती त्यांचें पुढें काय होतें तें कळावें म्हणून. ते स्वतः शंभर वर्षांचे होऊन २०२० सालीं वारले. त्यांच्या हयातींतच कळून आलें होतें, कीं बायपासनंतर अन्न आंतड्याच्या खालच्या भागांत लवकर पोंचतें व तेथून जीएलपी-१ नांवाचा एक स्राव अधिक सुटून भूक मंदावते. त्या स्रावाच्या धर्तीवर बनविलेलें सेमाग्लुटाइड हें टोंचावयाचें औषध अमेरिकेंत २०२१ सालीं लठ्ठपणासाठीं मान्य झालें; तें व टिर्झेपॅटाइड लठ्ठपणासाठीं २०२५ मध्यें भारतांतहि विक्रीस आलीं. या औषधांचा एक गुण असा, कीं द्वारपाल दार अधिक वेळ लावून ठेवतो आणि जठर सावकाश रिकामें होतें. त्यामुळें मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ या तक्रारी येतात. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचें वजन पुन्हां वाढलें त्यांनाहि कांहीं ठिकाणीं हीं औषधें दिलीं जातात. आणि बरोबर जी सूचनांची चिठ्ठी मिळते तींत लहान घांस, सावकाश चर्वण, गोड-तेलकट कमी, व पोट भरल्याची जाणीव होतांच थांबावें, इतकेंच लिहिलेलें असतें.